घरांचे दलाल आणि जातीची चौकशी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर आम्ही धर्म बदलला. परंतु आजही आपला बौद्ध बांधव शहरात घर शोधावयास निघाला की त्यास पहिला प्रश्न येतो तो "आडनाव काय?" हाच. विचारणारा बहुधा घरमालक नसतो, घरांचा दलाल असतो. मालकाच्या मनातील जात तो आपल्या तोंडाने बोलतो आणि "तुमच्या लोकांना पलीकडची वस्ती बरी" असे गोड शब्दांत सुचवितो. गावकुसाबाहेरचा महारवाडा शहरात पुन्हा वसविण्याचा हा उद्योग आहे. आणि त्यासाठी दलाली आपल्याच खिशातून जाते!

१९१७ साली परमपूज्य बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांच्यापाशी परदेशातील विद्या होती, संस्थानची नोकरी होती, भाडे देण्याची ऐपत होती. तरी पारशी पथिकाश्रमात परके नाव घेऊन राहावे लागले, आणि लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तेथूनही त्यांना बाहेर काढले. आज लाठी दिसत नाही. "जागा आत्ताच गेली" एवढे एक वाक्य तेच काम करते.

कायदा काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ याच्या कलम ४ अन्वये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास वा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. १९९० पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनाही अनुसूचित जातींचे संरक्षण आहे. परंतु २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ पारशांनाच सभासद करण्याचा पोटनियम वैध ठरविला. संविधानातील समता संस्थेच्या फाटकाशी येऊन थांबली, ती अशी.

म्हणून आमच्या बांधवांनी दलालाशी व्यवहार डोळे उघडे ठेवून करावा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये नोंदणीकृत प्रकल्पातील घराच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या दलालास नोंदणी सक्तीची आहे. तिचा क्रमांक प्रथम विचारावा. भावाविषयी त्याच्या शब्दावर विसंबू नये. मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते पाहावेत, त्याच इमारतीतील अलीकडच्या विक्रीची सूची क्रमांक दोन काढावी. भाव कोठे आणि का चढत आहेत हे ज्यास कळते, त्यास कोणी "तुमच्या लोकांच्या वस्तीत" ढकलू शकत नाही. भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृतच करावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. आणि नकार मिळाला तर तो तोंडी राहू देऊ नये. आलेले निरोप जपावेत, साक्षीदार ठेवावा. पुराव्यावाचून कायदा मुका असतो.

आडनाव लपवून घर मिळविणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. लेकरांच्या डोक्यावर छप्पर हवे असते. परंतु लपविलेले नाव दररोज लपवावे लागते, आणि धम्म स्वीकारला तो मान ताठ ठेवण्यासाठी.

सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे. जात वा धर्म विचारून घर नाकारणाऱ्या दलालाची नोंदणी रद्द व्हावी, भाड्याच्या घरांचे दलालही कायद्याच्या कक्षेत यावेत, आणि गृहनिर्माण संस्थांना जातिधर्मावरून सभासदत्व नाकारण्यास स्पष्ट बंदी करणारा कायदा व्हावा.

एक गोष्ट आम्ही आपल्या लोकांनाही निक्षून सांगतो. आज आपल्यापैकी कित्येक जण स्वतः घरमालक झाले आहेत. त्यांच्या दारी मातंग, चर्मकार वा मुसलमान भाडेकरू आला आणि त्यांनीही दलालाकरवी त्याची जात-जमात विचारली, तर बडोद्याच्या त्या लाठ्या आता आपल्या हातात आल्या असे समजावे. बावीस प्रतिज्ञांत सर्व मनुष्यमात्र समान मानण्याचे वचन आपण दिले आहे. ते वचन घराच्या दारावर पाळले गेले पाहिजे.