डिस्क भरली आणि टोयोटाचे १४ कारखाने थांबले

२९ ऑगस्टला जपानमधून बातमी आली की टोयोटाचे कारखाने बंद पडलेत, तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला, 'हॅक झालं वाटतं.' तसं वाटणं चुकीचं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या १ मार्चला, टोयोटाचे जपानमधले सगळे कारखाने एक दिवस बंद होते, कारण कोजिमा इंडस्ट्रीज या त्यांच्या पुरवठादारावर सायबर हल्ला झाला होता. यावेळी मात्र ६ सप्टेंबरला कंपनीने स्वतःच खुलासा केला. हल्ला वगैरे काही नाही, सर्व्हरच्या डिस्कवर जागा संपली होती.

त्यावर सोशल मीडियावर भरपूर विनोद झाले. कुणी म्हणे टोयोटाला पेनड्राइव्ह पाठवा, कुणी म्हणे मोबाइलमधले गुड मॉर्निंगचे फोटो डिलीट करा. मला काही हसू आलं नाही. डेटाबेस सांभाळणाऱ्या कुणालाही ही बातमी वाचून आधी स्वतःचा सर्व्हर आठवला असेल.

आधी काय झालं ते बघू. टोयोटा सुट्या भागांचा मोठा साठा करत नाही. लाइनवर जेवढं लागतं तेवढंच, लागेल तेव्हाच मागवायचं, ही त्यांची पद्धत जगभर शिकवली जाते. त्यामुळे पार्ट्सची ऑर्डर देणारी सिस्टीम हीच कारखान्याची नाडी. २७ ऑगस्टला या सिस्टीमवर नेहमीचं मेंटेनन्सचं काम होतं. डेटाबेसमध्ये साठलेला जुना डेटा काढून टाकायचा आणि उरलेला नीट लावायचा. ते चालू असतानाच डिस्क भरली, एरर आली आणि सिस्टीम थांबली. दुसऱ्या दिवशी ऑर्डरी प्रोसेस करणारे काही सर्व्हर उपलब्धच नव्हते. २९ तारखेला १४ कारखान्यांच्या २८ लाइन थांबल्या. त्याच दिवशी जास्त जागा असलेल्या सर्व्हरवर डेटा हलवला आणि ३० तारखेपासून काम पुन्हा सुरू झालं.

आता कुणीही विचारेल, डेटा काढून टाकताना जागा कशी काय संपते? डिलीट केलं की जागा वाढायला पाहिजे ना?

दिवाळीची साफसफाई आठवा. कपाट आवरायचं तर आधी सगळं सामान पलंगावर काढावं लागतं. दुपारी बारा वाजता घरात सकाळपेक्षा जास्त पसारा असतो. डेटाबेसचं तसंच आहे. तुम्ही १ कोटी नोंदी डिलीट करायला सांगितल्या तर तो त्या लगेच पुसून टाकत नाही. मध्येच वीज गेली किंवा तुम्हीच 'रद्द' म्हणालात तर सगळं होतं तसं परत आणता यायला हवं. म्हणून तो जुन्या नोंदी बाजूला जपून ठेवतो, आणि कोणता बदल केला हे एका वेगळ्या लॉगमध्ये लिहितो. दुकानदार खतावणीच्या आधी रोजमेळ लिहितात, तसा हा लॉग. एकाच दमात जेवढं जास्त डिलीट कराल तेवढा हा रोजमेळ फुगतो.

बरं, डिलीट पूर्ण झालं तरी फाइलचा आकार कमी होत नाही. मायएसक्यूएल असो की पोस्टग्रेस, मोकळी झालेली जागा बहुतेक वेळा डेटाबेस स्वतःकडेच ठेवतो, पुढच्या नोंदींसाठी. ती खरोखर परत हवी असेल तर टेबल नव्याने बांधावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये त्याला व्हॅक्यूम फुल म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये ऑप्टिमाइझ टेबल. दोन्हींत टेबलची नवी प्रत तयार होते आणि जुनी नंतर जाते. म्हणजे २०० जीबीचं टेबल आवरायला घेताना उरलेल्या डेटाच्या प्रतीइतकी जागा आधीच मोकळी पाहिजे. जागा संपत आली म्हणून साफसफाई काढणारा नेमका इथेच अडकतो. टोयोटाचा डेटाबेस कोणता हे जाहीर झालेलं नाही, पण 'डेटा डिलीट करताना जागा संपली' या एका वाक्यात हा सगळा प्रकार ओळखीचा वाटतो.

माझी ओळख कशी झाली तेही सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष. चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्याचं डिस्पॅचचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. महिनाअखेरीला संध्याकाळी तिथल्या स्टोअरच्या काकांचा फोन आला. 'अहो, लहान चलनं जातायत, पण मोठं चलन सेव्हच होत नाहीये. गाडी गेटवर उभी आहे.' मी सर्व्हर उघडला. मेसेज होता, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', एरर क्रमांक २८. डिस्क बघितली तर डेटाची डिस्क निम्मी रिकामी! वीस मिनिटं मी प्रोग्रॅममध्येच चूक शोधत बसलो.

चूक वेगळीकडे होती. मेसेजमध्ये फाइलचा पत्ता टेम्प फोल्डरचा होता, आणि तो मी नीट वाचलाच नव्हता. टेम्पचं पार्टिशन वेगळं होतं, फक्त २ जीबीचं, आणि ते शंभर टक्के भरलेलं. मायएसक्यूएल एका व्यवहारातले बदल बायनरी लॉगमध्ये लिहायच्या आधी मेमरीत गोळा करतो. त्यासाठीची जागा, कुणी मुद्दाम वाढवली नसेल तर, ३२ केबी असते. व्यवहार त्यापेक्षा मोठा झाला की उरलेलं टेम्प फाइलमध्ये जातं. म्हणून चार ओळींचं चलन सुखरूप जात होतं आणि तीनशे ओळींचं आपटत होतं. काकांनी पहिल्याच वाक्यात निदान सांगितलं होतं, मला ते समजलं नाही एवढंच.

टेम्प भरलं कशाने? रोज रात्री एक्सेल रिपोर्ट बनवणारी आमचीच स्क्रिप्ट स्वतःच्या तात्पुरत्या फाइल पुसत नव्हती. मी घाईघाईने त्या उडवल्या. तरी जागा शंभर टक्के भरलेलीच! लिनक्समध्ये एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसला असेल, तर ती डिलीट केल्यावर नाव जातं पण जागा सुटत नाही. रिपोर्टचा एक प्रोसेस अडकून पडला होता आणि सगळ्यात मोठी फाइल त्याच्याच हातात होती. एलएसओएफ या कमांडने तो सापडला. तो बंद केला आणि दोन सेकंदांत जागा मोकळी. गाडी साडेनऊला निघाली. ड्रायव्हर मला काय म्हणाला असेल ते काकांनी फोनवर सांगितलं नाही, हे त्यांचे उपकार.

त्यामुळे टोयोटाच्या इंजिनिअरांना हसायचा मला तरी अधिकार नाही. पण त्यांच्या खुलाशात एक वाक्य आहे ज्याच्याकडे विनोद करणाऱ्यांचं फारसं लक्ष गेलं नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे. हे सर्व्हर एकाच सिस्टीमवर चालत होते, त्यामुळे बॅकअपमध्येही तशीच बिघाडी झाली आणि त्याच्यावर जाता आलं नाही.

आपल्याकडेही 'बॅकअप आहे ना?' या प्रश्नाला 'हो, रेप्लिका आहे' असं उत्तर मिळतं. रेप्लिका म्हणजे मुख्य सर्व्हरवर जे होईल ते जसंच्या तसं करणारा जुळा भाऊ. मुख्य सर्व्हर जळाला तर तो कामाला येतो. पण मुख्य सर्व्हरवर मोठं डिलीट चालवलं तर तेच त्याच्यावरही चालतं, त्याचाही लॉग फुगतो, आणि डिस्क तेवढीच असेल तर ती जवळपास त्याच वेळी भरते. पोस्टग्रेसमध्ये तर लॉगची डिस्क भरली की सर्व्हर थेट बंद पडू शकतो. दोन्ही एकदम. जुळ्या भावांना एकाच घरातलं शिळं अन्न वाढल्यासारखं.

तुमच्याकडे सर्व्हर असेल, अगदी एखाद्या पतसंस्थेचा किंवा दुकानाचा का असेना, तर डिस्क किती भरली एवढंच बघून थांबू नका. टेम्प कुठे आहे आणि केवढं आहे ते बघा. आयनोड संपलेत का तेही बघा (डीएफ कमांडला आय जोडायचा). लाखो बारक्या फाइल साचल्या की जागा शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही, आणि मेसेज तोच येतो, जागा नाही. जुना डेटा काढायचा तर पाच-दहा हजार नोंदींच्या तुकड्यांत काढा, मध्ये दम खाऊ द्या. महिन्यानुसार पार्टिशन केलेलं टेबल असेल तर आख्खा महिना टाकून देणं डिलीटपेक्षा कितीतरी हलकं पडतं. आणि मला आवडणारी एक जुगाड: डेटाच्या डिस्कवर ४-५ जीबीची एक निरुपयोगी फाइल आधीच बनवून ठेवायची. ऐन वेळी डिस्क भरली की ती उडवायची, तेवढा श्वास घ्यायला मिळतो. लॉगच्या फाइल मात्र हाताने उडवू नका. 'नुसते लॉगच आहेत' म्हणून त्या पुसल्या आणि डेटाबेस परत उठलाच नाही, अशी वेळ अनेकांवर आली आहे.

टोयोटाने म्हटलंय की तीच परिस्थिती पुन्हा घडवून बघितली आणि त्यावर उपाय केलेत. हे मला सगळ्यात आवडलं. कारण नवी मोठी डिस्क घेणं सोपं आहे, ती भरल्यावर काय होतं हे मुद्दाम भरून बघायला कुणी तयार नसतं. आम्हीही त्या प्रसंगानंतर टेस्ट सर्व्हरवर टेम्प भरून पाहिलं, तेव्हा कळलं की आमचा प्रोग्रॅम एरर गिळून 'सेव्ह झालं' असं हिरव्या अक्षरात दाखवतो. ते दुरुस्त करायला डिस्क वाढवण्यापेक्षा जास्त दिवस लागले. त्या कारखान्यात टेम्प आता २० जीबीचं आहे. काका तरीही मोठं चलन टाकताना फोन शेजारी ठेवूनच बसतात.