पीक कोणाच्या घरी गेले?

कार्यकर्त्याने ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय, असे मत आमच्या अभ्यासमंडळात एका तरुण मित्राने ठामपणे मांडले. मला ते मान्य नाही. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कायमचे अपंगत्व आलेल्या नाथमाधवांनी (१८८२-१९२८) 'वीरधवल' लिहिली, पुढे स्वराज्यमाला लिहिली. गुप्त कट, प्रणय आणि अद्भुत यांच्या बळावर त्यांनी मराठी माणसाला वाचनाची जी गोडी लावली, ती आम्हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना कधी लावता आली नाही.

तथापि हिशेब मागितलाच पाहिजे. वाचकाला हरवलेल्या खलित्याचे रहस्य खुणावते, मला धान्याचे. गडावरची रसद, घोड्यांचा दाणा कोणाच्या खळ्यावरून आला? सभासदाच्या बखरीत याचे उत्तर आहे : पिकाचे पाच हिस्से करून तीन रयतेस, दोन सरकारात. कथेतून प्रेमप्रकरण वगळले तरी स्वराज्य उरते; ही वाटणी वगळली तर केवळ तलवारबाजी उरते.

दंतकथेकडेही याच नजरेने पाहावे. औंढ्याच्या नागनाथापुढे कीर्तनास उभ्या राहिलेल्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे हटविले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे आपल्या हिंगोली जिल्ह्यात घरोघर सांगतात. शिळा फिरल्या नसतील. पण देवाने शिंप्याकडे तोंड करावे, ही लोकांची आस खरीच होती.

तेव्हा मित्रांनो, कादंबऱ्या अवश्य वाचा. मात्र पुस्तक मिटताना नायिका कोणाला मिळाली याबरोबरच पीक कोणाच्या घरी गेले, हेही विचारा.