मांडव कुणाचा?

गेल्या महिन्यात रात्रपाळी संपवली, गोदीच्या गेटवर चहा मारला नि थेट एसटी पकडून गावाला गेलो. खाडीच्या तोंडाशी असलेलं आमचं छोटं बंदर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर अशी बंदरं पुष्कळ आहेत, आणि आज आमच्याकडं जे शिजतंय ते उद्या तुमच्याकडंही शिजणार आहे.

आमच्या वाडीतली पोरं सहा वर्षं तिथं साहित्य संमेलन भरवतात. विहाराच्या अंगणात मांडव, शाळेची बाकं, मासळी बाजारातल्या एका दोस्ताचा लाऊडस्पीकर. महिनाभर आधीपासून साठ घरांतल्या बाया रोज चूल पेटवताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात. मुंबईचे चाकरमानी आपापल्या ऐपतीनं पैसे धाडतात. त्यावर दोन दिवस माणसं जेवतात, कविता ऐकतात, कचाकचा भांडतात. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, मंत्र्याची वाट बघत बसणं नाही.

यंदाच्या बैठकीत आपलाच एक कार्यकर्ता उठला. म्हणाला, एक ठेकेदार सगळा खर्च उचलतोय. मंडप, जेवण, पाहुण्यांचं भाडं, झाडून सगळं. अट एकच, बॅनरवर त्याचा फोटो. मग खाली बघत दुसरी अटही बोलला. यंदा खाडीतला वाळूउपसा आणि कंत्राटी मजुरी हे विषय व्यासपीठावर नकोत.

कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. खरं लिहितो, मलासुद्धा क्षणभर बरं वाटलं. माझ्या कवितांची वही चार वर्षं ट्रंकेत पडलीय. हाच माणूस उद्या छपाईचे पैसे देईल, असं मनात येऊन गेलं. गोदीत स्टीलच्या कॉइलला साखळ्या आवळणारा, दहावी पास झालेला हा कवी भर बैठकीत मुका झाला. त्या मुकेपणाची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

मित्रांनो, आपल्याला मांडव उभारायला कुणी शिकवलं, आठवा. मार्च १९२७. महाडची परिषद. प्यायला पाणी मिळेना म्हणून आपल्या माणसांनी ४० रुपयांचं पाणी विकत घेतलं. चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर सवर्णांनी मांडवात घुसून जेवणाऱ्या माणसांना मारलं. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा कुणी हिंदू जागा देईना, फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. बाजार बंद होता, म्हणून धान्य बाहेरून आणलं. मोटारवाले अडवतील म्हणून बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीनं दासगाव बंदरावर उतरले आणि तिथून महाडला पायी गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली ती अशी, आपल्या शिध्यावर. रा. बा. मोरे तेव्हा तुमच्या-माझ्यासारखेच विशीतले होते. त्या मांडवाचा खर्च एखाद्या सावकारानं उचलला असता, तर तिथं काय जाळायचं आणि काय नाही हेही त्यानंच ठरवलं असतं.

म्हणजे सवाल पैशाचा दिसतो, पण आहे तो हुकमाचा. ज्याचा शिधा त्याचा हुकूम.

प्रस्थापितांच्या संमेलनाकडं बघा. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ ला जोतीरावांना बोलावणं आलं, तर त्यांनी पत्र लिहून सणसणीत नकार कळवला. त्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून दलित लेखक, शंकरराव खरात, बसले ते १९८४ साली, जळगावात. एकशेसहा वर्षं लागली! वर्ध्याच्या संमेलनाला २०२३ साली सरकारनं २ कोटी रुपये दिले. सरकारच्या पैशात आपलाही कर आहे, तेव्हा त्याचा हिशेब आपण मागायचाच. पण दोन कोटींच्या मांडवात पहिली रांग कुणाची असते, तेही सांगायला नको.

उलट बाजूला १९५८ साल बघा. दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक कोण? अण्णाभाऊ साठे. शाळेचं तोंड धड न पाहिलेला, मुंबईत अंगमेहनत करून जगलेला माणूस. १९९९ ला धारावीत पहिलं विद्रोही संमेलन झालं, बाबुराव बागूल अध्यक्ष. घराघरातनं मूठभर धान्य नि एक रुपया गोळा करायची विद्रोहीची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वाडीनं ती तिथूनच उचलली.

कुणी म्हणेल, बाबा, तत्त्वं ठीक, पण तांदळानं लाऊडस्पीकर वाजत नाही. खरंय. मग छोटा स्पीकर आणा. दोन दिवसांचा एक दिवस करा. मुंबईच्या कवीला भाडं देऊ नका, आम्ही आमच्या खर्चानं येऊ. ज्याला येणं परवडत नाही त्याची कविता पोस्टानं मागवा नि वाडीतल्या शाळकरी पोरीकडून वाचून घ्या.

आता आपल्याही ताटाखाली बघू. तांदूळ बायांनी काढायचे, भाकऱ्या बायांनी भाजायच्या, आणि सहा वर्षांत व्यासपीठावर किती बाया? मी मोजल्या, तीन. उर्मिला पवारांनी ‘आयदान’ लिहिलं ते कोकणातल्याच, बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या आईच्या आठवणींवर. आपल्या वाडीत टोपल्या विणणाऱ्या, मासे सुकवणाऱ्या बाया काय मुक्या आहेत? बंदरावरचे मुसलमान शेजारी, कोळी, कातकरी श्रोत्यांतसुद्धा नसतात. फत्तेखानाच्या जागेवर उभं राहून इतिहास सांगतो आपण, आणि शेजारच्या मोहल्ल्यात साधं आमंत्रण देत नाही! मांडव आपला म्हणायचा तर त्याची दारंही आपणच उघडली पाहिजेत. नाहीतर ठेकेदाराला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

बैठक संपल्यावर माझी काकी दारात तांदळाचा डबा घेऊन बसली होती. सगळं ऐकलं होतं तिनं. म्हणाली, “तांदूळ आमी काढायचे नि फोटू त्याचा?” अख्ख्या बैठकीला जे जमलं नाही ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

पुढची बैठक येत्या पौर्णिमेला आहे. मी तीन पाळ्यांची मजुरी देणार आहे आणि यंदा पहिली कविता वाळूवरच वाचणार आहे. मुंबईत राहणाऱ्या, गावाकडं असं संमेलन असणाऱ्या प्रत्येकानं आपापल्या बैठकीला जावं. फोटोची भाषा निघाली की तिथंच उठून बोलावं. माझ्यासारखं गप्प बसून मग लेख लिहू नये.

जय भीम!