नुसत्या सातबाऱ्यावर बैल जगत नाही



वनहक्काचा पट्टा हातात आला की आपण गुलाल उधळतो. उधळायलाच पाहिजे, लढून घेतलाय. पण घरी गेल्यावर जरा दावणीकडं बघा. दावण रिकामी असेल तर ती जमीन चार वर्षांत दुकानदाराच्या वहीत जाणार, हे लिहून ठेवा.

तुम्ही म्हणाल, सोनपेठला कुठं जंगल? नाही. म्हणूनच सांगतो. आमच्याकडं जे झालं ते आता तुमच्या दारात येतंय.

आमच्या काळ्या रानात आधी ज्वारी असायची. मधी तुरीच्या, मुगाच्या ओळी, कडंला अंबाडी. दाणा माणसाला, कडबा बैलाला, तुरीचं भुसकट शेळीला, शेण परत रानाला. मग कपाशी न् सोयाबीन बांधापासून बांधापर्यंत आलं. पऱ्हाटी चुलीत जाते, दावणीत नाही. कडबा संपला, बैल बाजारात गेला, शेणही गेलं. आता बियाणं उधार, खत उधार, ट्रॅक्टरचं भाडं उधार. ते फेडायला मुकादमाची उचल घ्यायची न् कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं. याला नशीब म्हणू नका. यात कुणाचं तरी दुकान चालतंय.

साहेब म्हणतात, "खताशिवाय पिकत नाही." खरंय. पण खत म्हणजे पिशवीच का? एक बैल दिवसाला साधारण १० किलो शेण टाकतो. जोडीचं वर्षाला ७ टन. कुजून निम्मं राहिलं तरी कोरडवाहू एकराला पुरतं. शेळ्यांच्या लेंड्या, पाचोळा, गोठ्यातली माती वेगळीच. आपल्या भागातला लाल कंधारी बैल कोरड्या कडब्यावर उन्हात राबतो. उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते. दवाखाना निघाला तर एक बोकड विकावा, सावकाराची पायरी चढू नये.

"मग जनावरं चारायची कुठं?" खरी गोम इथंच आहे. गायरान कसलं तर गावातले मोठे म्हणतात, "गाईचा चारा खाल्ला." त्यांना विचारा, तुमच्या गाई राहिल्या किती? ट्रॅक्टर तर गायरानात चरत नाही! जंगलात गेलो तर गार्ड म्हणतो, "चराई बंद." त्याला २००६ चा वनहक्क कायदा दाखवा. त्यात कसत्या जमिनीचा हक्क आहे, ४ हेक्टरपर्यंत, नवरा-बायको दोघांच्या नावे. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये चराईचाही हक्क आहे. पण आपण शेताचा नकाशा देतो न् गुरांची वाट विसरतो. अर्धा हक्क मागितला तर अर्धाच मिळणार.

म्हणून येत्या ग्रामसभेत:

१) चराईचं रान, पाणवठे, गुरांच्या वाटा नकाशावर घ्या. सामूहिक दावा करा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडा, तो पुरावा धरला जातो.

२) कोवळी झाडं असतील तिथं चराई आपणच बंद ठेवा, आळीपाळीनं रान सोडा. मग "आदिवासी जंगल खातो" म्हणायला कुणाला तोंड राहणार नाही.

३) निम्म्या रानात तरी ज्वारी-तूर पेरा. घरचं बी राखा.

४) एकच बैल असेल त्यांनी सावड करा. जोडी मोडू देऊ नका.

जमीन आमची, चराईही आमची!

— सोनपेठचा एक कार्यकर्ता