मोटारीचीही हिशेबाची वही

मैत्रिणींनो, आमची छोटी मोटार चौदा वर्षांची, तीही दुसऱ्याच्या हातून आलेली. गेल्या मार्चपासून ती फारच पेट्रोल पिऊ लागली. गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन उघडावं लागेल." ह्यांनी तर मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात घालायची तयारी केली! म्हटलं, थांबा. दुधाचा ठेवते तसा आधी हिचा हिशेब ठेवू.

टाकी पूर्ण भरली, किलोमीटरचा आकडा वहीत टिपला. पुढच्या खेपेस पुन्हा पूर्ण भरली. २५२ किलोमीटरला १८ लिटर, म्हणजे लिटरला १४!

मग चाकांतली हवा पाहिली. ही चाकं थंड असताना पाहायची बरं का! किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. चारही चाकांत कमीच निघाली. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त दबतो आणि गाडी ओढायला इंजिनला जोर लागतो. शिवाय फेरी मारून आलं की मागचं एक चाक फार तापलेलं असे. (हात नुसता जवळ न्या, लावू नका, भाजेल.) तिथला ब्रेक अडकत होता, तो दुरुस्त करून घेतला. डिकीतून माझ्या शाळेच्या वह्यांचा गठ्ठाही निघाला, कधीपासून फिरत होता कोण जाणे!

पुढच्या भरणीला लिटरला १७ पडले. इंजिन उघडलं नाही. जूनमध्ये फी वेळेवर भरली.