क्रूस कोणाच्या खांद्यावर?

पनवेल आणि आजूबाजूच्या वसाहतींतून स्त्री-संघटनांकडे येणाऱ्या बायका सर्व धर्मांच्या असतात. मार खाल्ल्याच्या, टाकून दिल्याच्या, घराबाहेर काढल्याच्या त्यांच्या हकीकती जवळजवळ सारख्याच असतात. वेगळे असतात ते त्यांना गप्प बसवणारे शब्द. हिंदू बाईला संस्कार आणि नशिबाचे भोग ऐकवले जातात, मुसलमान बाईला सब्र सांगितला जातो आणि ख्रिस्ती बाईला सांगतात, नम्र हो, प्रत्येकाला आपापला क्रूस वाहावाच लागतो.

व्यक्तिगत कायद्यांबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत आणि बोलायलाच हवे. पण बाई कायद्यापर्यंत पोचण्याआधीच तिला दारात अडवणारे हे जे शब्द आहेत, त्यांच्याकडे आपले लक्ष कमी गेले आहे. ‘धर्म म्हणजे शोषण’ एवढे म्हणून आपण मोकळ्या होतो. देवळावर, मशिदीवर, देवळाइतकाच चर्चवर जीव असलेल्या आपल्या मैत्रिणीला मात्र त्याचा काहीच उपयोग होत नाही. तिच्या श्रद्धेत शिरून पाहिले तर काय दिसते, हे तपासावे म्हणून हा लेख.

ख्रिस्ती धर्मात नम्रतेचा सर्वांत मोठा प्रसंग कोणता? ज्या रात्री अटक झाली त्याच रात्री, अटकेआधी, येशूने कंबरेला पंचा गुंडाळून आपल्या शिष्यांचे पाय धुतले तो. पाय धुणे हे तेव्हा नोकरांचे काम होते. इथे खाली वाकला तो गुरू, शिष्य नव्हे. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने वाकायचे, असा त्या प्रसंगाचा सरळ अर्थ आहे. शिष्यत्वाच्या किमतीबद्दलची शिकवणही अशीच आहे. बुरूज बांधायला घेण्याआधी माणूस बसून खर्चाचा हिशेब करतो, तसा हिशेब करून मग माझ्यामागे या, असे येशू सांगतो. म्हणजे ही किंमत आधी कळलेली असावी, स्वतःहून पत्करलेली असावी. हिटलरच्या राज्यात सरकारधार्जिण्या चर्चला विरोध करणारे जर्मन धर्मोपदेशक डिट्रिश बोनहॉफर यांनी १९३७ साली याच विषयावर पुस्तक लिहिले. ज्या कृपेसाठी काहीच सोडावे लागत नाही, तिला त्यांनी स्वस्त कृपा म्हटले. १९४५च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी देण्यात आले.

यातून तीन साधे प्रश्न निघतात. किंमत मोजायचे कोणी ठरवले? ती मोजतो कोण? आणि वाकतो कोण, वरचा की खालचा? हे प्रश्न घेऊन आपल्या महाराष्ट्राकडे पाहू.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. नवरा गेलेला, पदरी लहान मनोरमा, परका देश आणि आधार त्याच मठाच्या जोगिणींचा. अशा बाईने मुकाट्याने मान डोलवावी अशीच सर्वांची अपेक्षा. पण रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल त्यांना शंका होत्या, त्या त्यांनी लपवल्या नाहीत. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे त्यांनी विचारले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा आपल्या बाबतीत परस्पर निर्णय करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, असा रमाबाईंचा सवाल होता. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना या सगळ्यात गर्व आणि आज्ञाभंग दिसला. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. कार्यकर्त्या मैत्रिणींनी तो जरूर वाचावा.

गर्विष्ठ ठरलेल्या याच बाईने पुढे काय केले? १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. ते पुण्याला नेल्यावर मुलींना बाटवल्याचा आरोप झाला, ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागार मंडळातल्या सुधारकांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई हटल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार बायका-मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांच्यासोबतच राहिल्या. बायबलचे मराठी भाषांतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून केले आणि ते सदनातल्या बायकांच्या हातून छापून घेतले. सत्तेपुढे ताठ आणि उपाशी बाईपुढे वाकलेली, अशी ही नम्रता. पाय धुण्याच्या त्या प्रसंगाशी जुळते ती हीच. त्यांच्या बाजूने त्या काळात ठामपणे लिहिणारे जोतीराव फुले होते, ‘सत्सार’मध्ये, १८८५ साली. हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते मोठे कवी आणि त्यांची तळमळ खरी, यात शंका नाही. त्यांनी जात सोडली, गोतावळा सोडला, हाल सोसले. चर्चच्या इतिहासात हा त्याग म्हणून नोंदला गेला. पण त्या त्यागाचा निम्मा हप्ता लक्ष्मीबाईंनी भरला आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. लहान दत्तूला घेऊन चार-पाच वर्षे नातेवाइकांच्या आसऱ्याने राहणे, नवरा जिवंत असून लोकांच्या नजरा झेलणे, हे त्यांच्या वाट्याला आले. पुढे त्या स्वतः विचार करून, जातिभेदाची गाठ स्वतःच्या मनात सोडवून ख्रिस्ती झाल्या, आणि तो निर्णय त्यांचा होता. ‘स्मृतिचित्रे’ आपण सगळ्यांनी हसत हसत वाचले आहे. पुन्हा वाचताना हिशेबाच्या नजरेने वाचा. शिष्य एक, किंमत मोजणारी दुसरी, असे किती घरांत घडत आले असेल! यात ख्रिस्ती घरेच आहेत असे नाही. सत्याग्रहींच्या, कम्युनिस्टांच्या, समाजवाद्यांच्या घरांतही चूल कोणी पेटती ठेवली, हे आपल्याला माहीत आहे.

तिसरे उदाहरण आपल्या तालुक्यातले. तळोजा कारागृह पनवेल तालुक्यात आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये रांचीहून अटक करून आणलेले जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी तिथे होते. वय ८३, अंगात कंपवात. झारखंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांची माहिती गोळा करणे, आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांबद्दल बोलणे, हे त्यांचे काम. भीमा कोरेगाव प्रकरणात माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्यांनी तो नाकारला होता. हात थरथरत असल्याने पेला धरवत नव्हता. नळीचा पेला मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला आणि तो मिळायला काही आठवडे गेले. जामीन मिळाला नाही. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. खटला सुरूही झालेला नव्हता.

अटकेच्या आधी, आपण किंमत मोजायला तयार आहोत, असे त्यांनी सांगून ठेवले होते. तुरुंगातून लिहितानाही ते स्वतःपेक्षा, आपल्यावर कोणता आरोप आहे हेही ठाऊक नसलेल्या गरीब कैद्यांबद्दलच लिहीत होते. आपल्या तीन प्रश्नांना इथे स्वच्छ उत्तरे मिळतात. किंमत त्यांनी ठरवली, त्यांनीच मोजली आणि ते वाकले ते खालच्या माणसासाठी. पण एक सावधगिरी हवी. किंमत मोजणाऱ्याचे गोडवे गाताना ती वसूल करणारा नामानिराळा राहतो. म्हातारा माणूस मरायला तयार होता म्हणून त्याला जामीन नाकारणाऱ्या व्यवस्थेचा दोष कमी होत नाही. सोसणाऱ्या बाईला देवी म्हणणारे लोक नेमके हेच करतात. तिच्या सोसण्याची आरती होते आणि मारणारा हात आरतीच्या ताटामागे लपतो.

आता चर्चच्या आत काय चालते ते पाहू. सप्टेंबर २०१८मध्ये केरळात पाच जोगिणी आपल्या पोशाखात कोचीच्या रस्त्यावर बसल्या. त्यांच्या एका भगिनीने बिशपविरुद्ध बलात्काराची तक्रार केली होती आणि महिने उलटूनही अटक होत नव्हती. आंदोलनानंतर अटक झाली. २०२२मध्ये सत्र न्यायालयाने त्या बिशपांना निर्दोष सोडले. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील दाखल झाले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण आंदोलन करणाऱ्या जोगिणींना बदलीची पत्रे आली, आणि त्यांना जाहीर पाठिंबा देणाऱ्या सिस्टर लुसी कलप्पुरा यांना २०१९ साली त्यांच्या संघातून काढण्यात आले. ठपका कोणता, तर व्रतांचा आणि आज्ञापालनाचा भंग. रमाबाईंवर ठेवलेला ठपका सव्वाशे वर्षांनी जसाच्या तसा पुढे आला.

आणि साध्या संसारी ख्रिस्ती बायका? १८६९च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा टाकून देणेही सिद्ध करावे लागे. नुसता मार पुरेसा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली यातल्या अन्यायकारक अटी रद्द केल्या आणि २००१मध्ये संसदेने कायदा बदलला. सव्वाशेहून अधिक वर्षे बाईच्या खांद्यावर जो क्रूस होता, तो देवाने नव्हे, कायदे करणाऱ्यांनी ठेवला होता. कायद्याने तो उतरवला. तेव्हा आकाश कोसळले नाही आणि कोणाचा धर्मही बुडाला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. बाई ‘हा माझा क्रूस आहे’ म्हणाली, तर तिची श्रद्धा खोडून काढायच्या मागे आपण लागू नये. तिला एवढेच विचारावे, बाई गं, हा तू उचललास की तुझ्या खांद्यावर कोणी ठेवला? याने कोणाचे भले होते? तुझ्या नवऱ्याला, तुझ्या फादरला, पास्टरला पाय धुण्याची गोष्ट ठाऊक आहे ना? मग त्यांनी शेवटचे केव्हा कोणाचे पाय धुतले? या प्रश्नांसाठी तिला धर्म सोडावा लागत नाही. उलट तिच्या धर्मग्रंथाची साक्ष तिच्याच बाजूने उभी राहते. त्याच बैठकीत कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे, हेही तिला सांगावे. वकिलाचा पत्ता द्यावा आणि चर्चमध्ये बोलायला जाताना तिच्याबरोबर दोघींनी जावे.

आणि हेच प्रश्न आपल्या संघटनांनाही विचारू या. पूर्णवेळ कार्यकर्तीने मानधनाचा विषय काढला की ‘चळवळीत त्याग करावा लागतो’ हे वाक्य येतेच. ते कोण म्हणते आणि कोणाला म्हणते? ज्येष्ठ ताईंनी चटया झाडल्या आणि नव्या मुलीने अध्यक्षपद घेतले, असे किती बैठकांत घडते? नम्रता चांगलीच आहे, मैत्रिणींनो. फक्त तिची सुरुवात वरून व्हायला हवी.