फुटबॉल आणि नोंदवही

सामना संपवून मुलगा घरीं आला म्हणजे वडील विचारतात, “गोल किती झाले?” प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु गोल हें अकरा जणांच्या श्रमाचें फळ होय. त्या एका मुलाचा दम गेल्या दोन महिन्यांत वाढला कीं घटला, याचें उत्तर त्यांत सांपडत नाहीं. राहूबेटांतील गुळव्या काहिलींतील पाक नुसता डोळ्यांनीं पाहून उतरवीत नाहीं. थोडा पाण्यांत टाकून गोळी पारखतो. तालमींतही जोर-बैठकांची गणती होतेच. मग फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींनींच अंदाजावर कां राहावें?

साधन महाग नाहीं. अमेरिकेंतील डॉ. केनेथ कूपर यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेली चांचणी म्हणजे बारा मिनिटांत किती अंतर धांवलें, तें मोजणें. परंतु फुटबॉल म्हणजे एकसारखें धांवणें नव्हे. झेप, थबकणें, वळणें आणि पुन्हां झेप. म्हणून डेन्मार्कचे येन्स बांग्स्बो यांची ‘यो-यो’ चांचणी या खेळास अधिक जवळची. २० मीटर जावें, २० मीटर परत यावें, १० सेकंद विसावा घ्यावा. इशाऱ्यांचा वेग वाढत जातो, आणि दुसऱ्यांदा मागें पडणारा थांबतो. फक्कीच्या रेघा व इशारे वाजविणारा एक मोबाईल एवढ्यावर भागतें. सहा-आठ आठवड्यांनीं ती त्याच मैदानावर, त्याच वेळीं व्हावी. श्रावणांतल्या चिखलांतील आंकडा माघांतल्या कडक जमिनीवरील आंकड्याशेजारीं मांडणें ही स्वतःचीच फसवणूक होय. तापांतून नुकत्याच उठलेल्या मुलास तर धांवूंच देऊं नये.

आमचा खरा आग्रह निराळाच आहे. हे आंकडे फळ्यावर क्रमवार लावूं नयेत. चौदाव्या वर्षीं एकाच वर्गांत एकास मिसरूड फुटलेलें असतें, तर दुसऱ्याची उंची वाढावयास आरंभही झालेला नसतो. मागाहून वाढणारा हा मुलगा यादींत तळाशीं दिसतो, संघांतून गळतो, आणि मग मैदानाकडे फिरकावयाचेंही त्याच्या जिवावर येतें. उलट, झपाट्यानें उंच होणाऱ्या मुलाचीं पावलें कांहीं काळ अडखळूं शकतात, कधीं गुडघ्याच्या वाटीखालीं दुखूं लागतें. त्याचा आंकडा खालीं येतो, आणि तो बिचारा आळशी म्हणून बोल खातो. दर तीन महिन्यांनीं वहींत उंचीही लिहिलेली असेल, तर हा आळस नसून वाढ असावी, हें शिक्षकांच्या लक्षांत येईल. अशा मुलाचें धांवणें कांहीं दिवस कमी करून त्यास चेंडू ताब्यांत ठेवण्याचा सराव द्यावा. दुखणें हटेना, तर डॉक्टरांस दाखवावें.

वही मुलाजवळच असावी. पालकांनीं ती महिन्यांतून एकदां मागून पाहावी. शेजारच्या मुलाचा आंकडा मात्र विचारूं नये. पहिलें पान उघडण्यास दिवाळीच्या सुटीनंतरचे थंड दिवस सोयीचे.